साताने भागून ४.६२ येत नाही

त्या विभागात एक विद्यार्थी म्हणजे १४.२९ टक्के. बीएस्सी तीनला गणित घेतलेली सात मुलं, शंभर भागिले सात. मध्यंतरी मी एका कॉलेजच्या गणित विभागाच्या अकॅडमिक ऑडिटसाठी गेले होते. कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव आहे. कॉलेजचं नाव सांगणार नाही, ओळखलंत तर मनात ठेवा.

या धंद्याशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नॅक ही १९९४ साली सुरू झालेली, कॉलेजांना श्रेणी देणारी संस्था, मुख्यालय बंगळुरूला. चारपैकी गुण असतात. ३.०१ पासून ए, ३.५१ पासून ए डबल प्लस, आणि त्यानंतर गेटवर फ्लेक्स. नॅकची टीम यायच्या आधी कॉलेजं घरच्या घरी रंगीत तालीम करतात, बाहेरची दोन-तीन माणसं बोलावून एकेका विभागाच्या फायली तपासून घेतात. गणित विभागासाठीच्या तिघांत मी होते. चौतीस वर्षं गणित शिकवलं, निवृत्त होऊन चार वर्षं झाली, त्यामुळे मी कायम रिकामीच असते असा सगळ्यांचा समज आहे. अध्यक्ष दुसऱ्या एका कॉलेजचे प्राचार्य, मूळचे केमिस्ट्रीचे. तिसरे 'उद्योग क्षेत्रातील प्रतिनिधी'. गणिताला उद्योग कुठला दाखवायचा ही दरवेळची पंचाईत. या खेपेला सहकारी बँकेचे निवृत्त शाखाधिकारी होते. दिवसभरात ते एकदाच बोलले, पण जे बोलले ते माझ्या लक्षात राहिलं.

विभागप्रमुख माझाच जुना विद्यार्थी. चारचौघांत मी त्याला 'सर' म्हणत होते आणि तो मला 'मॅडम', आणि दोघांनाही हसू आवरत नव्हतं. टेबलावर सात निकषांच्या सात फायली, प्रत्येकीला रंगीत टॅग. बाजूला शिरा, पोहे, आणि दर वीस मिनिटांनी चहा. भिंतीवर २२ डिसेंबरच्या गणित दिनाची भित्तिपत्रकं अजून होती. कापरेकरांचा ६१७४ होताच. देवळालीच्या या शाळामास्तरांशिवाय आपल्याकडे गणित दिन साजरा होत नाही, व्हायलाही नको. 'कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहा, शेवटी ६१७४ येईल.' खाली उदाहरण ३५२४ चं. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. अक्षर सुरेख होतं. मी एवढंच विचारलं, "११११ घेतले तर?" विभागप्रमुखाने कपाळाला हात लावला. चारही अंक सारखे नकोत, ही अट चिकटवताना राहून गेली होती.

मग निकालाचं पान. दोन वर्षांपूर्वी सातातली पाच पास, ७१.४३ टक्के. गेल्या वर्षी चारातली चार, १०० टक्के. शेरा: 'निकालात २८.५७ टक्क्यांची भरीव वाढ.' तुलनेने बघितलं तर ही वाढ बरोब्बर ४० टक्के होते, पण ते सांगून त्यांना आणखी आनंद कशाला द्या. पास होणारी मुलं पाचाची चार झाली, या खऱ्या बातमीला मात्र त्या पानावर जागा नव्हती.

माझं डोकं अडकलं ते पुढच्या पानावर. विद्यार्थ्यांचा अभिप्राय, दहा प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. यंदाची सात मुलं, सातही जणांनी फॉर्म भरलेले. एकूण सरासरी ४.६२.

चौतीस वर्षांची खोड अशी जात नाही. प्रवासभत्त्याच्या फॉर्मच्या मागे मी हिशेब मांडला. सात मुलं, दहा प्रश्न, सत्तर उत्तरं, प्रत्येक उत्तर पूर्णांक. म्हणजे बेरीज पूर्णांकच येणार. बेरीज ३२३ असेल तर सत्तरने भागून ४.६१ येतात. ३२४ असेल तर ४.६३. ४.६२ मधे येतच नाही. बरं, एकाच प्रश्नाची सरासरी असेल म्हणावं, तर ३२ भागिले ७ म्हणजे ४.५७ आणि ३३ भागिले ७ म्हणजे ४.७१. साताने भागून ४.६२ यायचा रस्ताच नाही.

कागद मी अध्यक्षांकडे सरकवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, म्हणाले, "राउंडिंगचं काही असेल मॅडम." राउंडिंगचं नव्हतं. मी म्हटलं, फॉर्म आणा. शिपाईमामांनी फॉर्म आणले. खरेच भरलेले होते, सात वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, एकाने तर 'ग्रंथालयात पंखा बसवावा' असंही लिहिलेलं. बँकेच्या साहेबांनी न सांगता बेरीज करायला घेतली. बोट न थांबता खाली सरकत होतं, नोटा मोजल्यासारखं. ३०८. भागिले सत्तर, ४.४० पूर्ण.

नंतर व्हरांड्यात विभागप्रमुख म्हणाला, "मॅडम, मला कळत नाही असं वाटलं का तुम्हाला? गेल्या वर्षीच्या सॉफ्ट कॉपीतला आकडा राहिला तो. रात्री अकरा वाजता फाइल पाठवली." मी म्हटलं, "अरे, ४.४० ला काय वाईट होतं?" तर म्हणाला, "वाईट काही नाही. पण गेल्या वर्षीपेक्षा कमी दिसलं असतं ना. मग त्यावर कृती अहवाल." हा आता एकटाच कायमस्वरूपी. मंजूर पदं तीन, भरलेलं एक. यूजीसीच्या हिशेबाने सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास शिकवायचं. हा ते शिकवतो, शिवाय एनएसएस, परीक्षा विभाग, प्रवेश समिती आणि या सात फायली. त्याला रागवायला मला जीभ उचलेना.

आणि रागवायचा मला हक्क तरी कुठे आहे? मी विभागप्रमुख असताना सलग तीन वर्षं आमचा तिसऱ्या वर्षाचा निकाल शंभर टक्के लागला होता, तेव्हा संस्थेने माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. तो कसा लागला ते आज लिहून टाकते. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी जी मुलं मला कच्ची वाटायची त्यांना मी केबिनमध्ये बसवून, चहा पाजून, 'तुझा कल फिजिक्सकडे आहे बघ' असं सांगायचे. ती मुलं आमच्या अंशात नव्हती तशी छेदातही नव्हती. त्यातला एक परवा मिरज स्टेशनवर भेटला, वाकून नमस्कार केला. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

म्हणून मी आता कुठेही गेले की छेद मागते. इथेही मागितला. पहिल्या वर्षाला गणित घेतलेली मुलं चौसष्ट. दुसऱ्या वर्षाला एकतीस. तिसऱ्याला सात. विषय निवडायची मुभा असते, त्यामुळे गळती नैसर्गिकच, कुणी कॉम्प्युटर सायन्सला जातं, कुणी केमिस्ट्रीला, एमआयडीसीत नोकरी लागते म्हणून. ते मला मान्य आहे. पण चौसष्टातली सत्तावन्न कुठे गेली, हे फायलीत नव्हतं. विचारल्यावर विभागप्रमुखाने तोंडी सांगितलं: बरीचशी केमिस्ट्री, काही कॉम्प्युटर, चौघांनी कॉलेजच सोडलं, दोघींची लग्नं झाली. बाकीची आठवत नाहीत.

तेव्हा बँकेचे साहेब बोलले. "आमच्याकडे कुणी खातं बंद करायला आला की आम्ही कारण विचारून लिहून ठेवायचो. नवीन खाती किती उघडली यापेक्षा हेड ऑफिस ते आधी बघायचं." अध्यक्षांनी मान डोलावली आणि पान उलटलं.

दुपारी मुलांशी 'संवाद'. इस्त्रीचे युनिफॉर्म घालून सातही जणं ओळीत. अध्यक्षांनी विचारलं, ग्रंथालय वापरता का? होय सर. शिक्षक नियमित येतात का? होय सर. काही अडचण? नाही सर. पंख्याचं कुणी काढलं नाही.

मी प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारते, वर्षानुवर्षं तोच. सिक्वेन्सची, म्हणजे क्रमाने मांडलेल्या संख्यांच्या रांगेची, लागोपाठची पदं एकमेकांच्या जवळ जवळ येत गेली, दोन पदांतला फरक शून्याकडे जात राहिला, तर ती सिक्वेन्स कन्व्हर्ज होतेच का, म्हणजे एका ठरावीक संख्येपाशी टेकतेच का? पुढचा उंच मुलगा लगेच म्हणाला, "होय मॅडम. कॉशी." बहुतेक ठिकाणी हेच उत्तर येतं (कॉशीच्या अटीत लागोपाठचीच नव्हे, पुढची कुठलीही दोन पदं जवळ यावी लागतात) आणि मी 'छान' म्हणून गप्प बसते, कारण पाहुणी म्हणून गेलेलं असताना पोराला उघडं पाडायचं नसतं. इथे मागून एका मुलीचा हात अर्धा वर आला.

"नाही होत मॅडम. एक अधिक एक छेद दोन अधिक एक छेद तीन असं घेत गेलं तर वाढ कमी कमी होते, पण बेरीज थांबत नाही."

"थांबत नाही कशावरून?"

ती फळ्याकडे गेली. खडू तुटका होता. एक छेद तीन आणि एक छेद चार यांच्याभोवती तिने एक गोल काढला: दोन्ही पाव किंवा पावापेक्षा मोठे, म्हणजे मिळून निदान अर्धा. पुढच्या चारांभोवती दुसरा गोल: प्रत्येक एक अष्टमांश किंवा जास्त, पुन्हा अर्धा. पुढच्या आठांभोवती तिसरा. "दरवेळी अर्धा मिळतो मॅडम. आणि अर्धे संपत नाहीत."

एवढ्यात 'कॉशी' म्हणालेल्या उंच मुलाला काहीतरी आठवलं. "हां मॅडम, हे मी प्रॅक्टिकलला पायथॉनमध्ये चालवून बघितलंय. पाचाच्या पुढे जायला ८३ पदं लागतात. दहाच्या पुढे जायला १२३६७. वीससाठी लावलं आणि चहा पिऊन आलो. २७ कोटींच्या वर." मी विचारलं, मग आत्ता होय का म्हणालास? तो ओशाळला. "ते आणि हे एकच आहे हे आत्ता कळलं."

हे वाक्य मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलंय. ऑडिटच्या फॉर्ममध्ये 'अध्ययन निष्पत्ती' असा तक्ता असतो, निष्पत्ती एक ते सहा, प्रत्येकीपुढे साध्यतेची टक्केवारी. या विभागाची निष्पत्ती तीन ७८.४० टक्के साध्य झाली होती. त्या मुलाला जे आत्ता कळलं ते त्या ७८.४० मध्ये धरायचं की उरलेल्या २१.६० मध्ये?

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" मुलांनी एका आवाजात सांगितलं, मॅडमनी. कुठल्या मॅडम? तासिका तत्त्वावरच्या. त्या खोलीत नव्हत्या, पहिल्या वर्षाचा तास घेत होत्या.

मग मी अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिका मागितल्या. त्या मागितल्या जातील असं कुणाला वाटलं नव्हतं, त्यामुळे त्यांना रंगीत टॅग नव्हता. कपाटाच्या वरून सुतळीने बांधलेला गठ्ठा खाली आला, धूळ झटकून. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका विभागाच्या हातात नसते, तिच्यावरून विभागाला जोखण्यात अर्थ नाही. घरच्या चाचणीत काय विचारतात आणि तपासताना लाल पेन काय करतं, ते बघावं. बऱ्याच गठ्ठ्यांत लाल पेनाने फक्त बरोबरच्या खुणा आणि शेवटी गोलातले गुण असतात. मुलाने पान भरलं की बरोबरची खूण. मीसुद्धा मे महिन्याच्या उकाड्यात तसे गठ्ठे हातावेगळे केलेत.

या गठ्ठ्यातली एक उत्तरपत्रिका सांगते. प्रश्न नेहमीचाच: कन्व्हर्जंट सिक्वेन्स बाउंडेड असते, म्हणजे तिची सगळी पदं एका ठरावीक मर्यादेत राहतात, हे सिद्ध करा, गुण पाच. मुलाने लिहिलेलं, एप्सिलॉन, म्हणजे लिमिटपासूनचं (पदं जिथे टेकतात त्या संख्येपासूनचं) अंतर, एक घेऊ, मग अमुक एका पदाच्या पुढची सगळी पदं लिमिटपासून एकच्या आत, म्हणून सिक्वेन्स बाउंडेड, सिद्ध झालं. खाली ऐटीत दोन रेघा. लाल पेनाने समासात: 'आणि त्या पदाच्या आधीची?' गुण तीन. त्याखाली पेन्सिलीने, म्हणजे पेपर परत मिळाल्यावर, मुलाने लिहिलेलं: 'ती मोजकीच आहेत. त्यांतलं सगळ्यात मोठं घेऊ.' त्याखाली पुन्हा लाल: 'बरोबर. मोजकी नसती तर?'

याच्यापुढे काही नव्हतं, पान संपलं होतं.

गठ्ठ्यातले बाकीचे पेपरही मी उलटले. प्रत्येकावर कुठे ना कुठे लाल अक्षरात 'का?' होतं. कधी पूर्ण प्रश्न, कधी नुसतं 'का?' आणि बाण.

जिन्यात त्या मॅडमची चार मिनिटं भेट झाली. खांद्याला पिशवी, हातात छत्री, बारा पन्नासची एसटी चुकलेली, आता दीडची. दुपारी दुसऱ्या कॉलेजात तास असतात. सेट, म्हणजे प्राध्यापकीची राज्य पात्रता परीक्षा, पास, एमएस्सीला असताना एमटीटीएसला जाऊन आलेल्या. हे नाव ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी: प्रा. कुमारेसन यांनी १९९३ साली सुरू केलेला हा उन्हाळी कार्यक्रम. चार आठवडे मुलांना कुठेतरी नेऊन गणित करायला लावतात, आणि तिथे शिकवणारा सांगत नाही, विचारत राहतो. तेव्हा तो लाल 'का?' कुठून आला ते कळलं. "मुलांना माधवा स्पर्धेला बसवता का?" मी विचारलं. ती पदवीच्या मुलांसाठीची गणित स्पर्धा, पुण्याच्या एस. पी. कॉलेजच्या गणित विभागाने चालवलेली. म्हणाल्या, "दोघांना बसवलं होतं मॅडम. नंबर नाही आला. पण येताना गाडीत भांडत होते, कुणाचं बरोबर यावरून." नेमणूक दरवर्षी नव्याने. यंदा ऑगस्टमध्ये झाली, मार्चअखेर संपणार. पैसे तासाप्रमाणे, आणि तेही दिवाळीचे होळीला. पेपर तपासायचे तास कशातच धरत नाहीत.

वर येऊन मी फाइल पुन्हा उघडली. 'पूर्णवेळ शिक्षक' असा तक्ता होता, त्यात एक नाव. शोधनिबंध, परिसंवाद, पुरस्कार यांचे तक्ते, त्यांतही तेच एक नाव. मी विचारलं, मॅडमचं नाव कुठे आहे? विभागप्रमुख म्हणाला, "रकाना नाही मॅडम." मग जरा थांबून म्हणाला, "वेळापत्रकात आहे. इनिशियल्स."

अलीकडे ओळखीचे पालक फोन करून विचारतात, पोरीला गणितात बीएस्सी करायचंय, कुठलं कॉलेज बघू, ए प्लस आहे ते बघू का? मी त्यांना गठ्ठा बघायला सांगते. पालकांना गठ्ठा दाखवणार कोण, हा प्रश्न रास्त आहे. मग निदान तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला गाठून त्याची तपासलेली चाचणी बघा. कॅन्टीनच्या बाहेर उभं राहिलं की मिळते.

नवीन शैक्षणिक धोरणातल्या फील्ड प्रोजेक्टचीही एक फाइल होती. गणिताच्या मुलांनी फील्डवर जाऊन करायचं काय, याची धमाल सगळीकडेच चालू आहे. 'रांगोळी आणि सममिती' मी आतापर्यंत पाच कॉलेजांत बघितलंय. इथेही होतं. पण एक मुलगा गावच्या दूध संकलन केंद्रावर आठ दिवस सकाळी जाऊन बसला होता. कोण किती वाजता कॅन घेऊन आला, फॅट मशीनपाशी किती वेळ गेला, सगळं सेकंदांत. दुसरं मशीन लावलं तर रांग किती कमी होईल हे त्याने काढलेलं, आणि शेवटी लिहिलेलं, 'परंतु पहिल्या अर्ध्या तासातच गर्दी असते, त्यामुळे सरासरीचा उपयोग नाही.' मी तो प्रोजेक्ट दोनदा वाचला. केंद्राच्या चेअरमनना दाखवलास का, विचारलं. दाखवला म्हणे. त्यांनी सही करून दिली.

संध्याकाळी अहवाल. बलस्थाने, उणिवा, संधी, सूचना. बलस्थानांत मी लिहिलं: 'अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिका अत्यंत काळजीपूर्वक, मुलाला विचार करायला लावतील अशा तपासल्या जातात. हे काम तासिका तत्त्वावरील शिक्षिका करतात.' उणिवांत: 'पहिल्या वर्षाची चौसष्ट मुलं तिसऱ्या वर्षापर्यंत सात होतात, त्याची नोंद नाही. रिक्त पदं भरावीत.' अध्यक्ष सज्जन होते, त्यांनी सौम्यपणे सांगितलं की पहिला मुद्दा व्यक्तिसापेक्ष आहे, त्याला पुरावा जोडता येणार नाही. मी म्हटलं, पुरावा कपाटावर आहे. ते हसले. पदं भरण्याचं कॉलेजच्या हातात नाही, शासनाचं आहे, ते लिहून उपयोग नाही, हेही म्हणाले, आणि तेही खरंच. अभिप्रायाची सरासरी मात्र त्यांनी दुरुस्त करायला लावली. ४.४०.

मग गुलाबाचं फूल, पेन, ग्रुप फोटो. दीडची एसटी कधीच गेली होती, त्यामुळे मॅडम फोटोत नाहीत.

आठवड्याने सहीसाठी अंतिम अहवालाची पीडीएफ आली. गणित विभाग, पान चार. बलस्थाने: 'निकालात सातत्यपूर्ण वाढ.' उणिवा: 'नाही.' सूचना: 'उत्तरपत्रिकांची फाइल अद्ययावत ठेवावी.'

मी अजून सही केलेली नाही. विभागप्रमुखाचे दोन मिस्ड कॉल आहेत.